सुसंगतीतला दीर्घ 'ती'

मोरोपंतांच्या 'केकावली'तील 'सुसंगति सदा घडो' ही केका (त्या काव्यातला श्लोक) मला लहानपणापासून पाठ होती आणि तिचे वृत्त पृथ्वी आहे हेही ठाऊक होते; पण लघु-गुरू (ऱ्हस्व आणि दीर्घ उच्चारांच्या अक्षरांच्या खुणा) लावून ते पडताळण्याची वेळ आली ती भाचीचा वृत्तांचा अभ्यास घेताना. पृथ्वीच्या चरणात १७ अक्षरे असतात, ज, स, ज, स, य हे पाच गण (तीन-तीन अक्षरांचे गट) आणि शेवटी एक लघु व एक गुरू असा क्रम असतो आणि आठव्या अक्षरावर यती, म्हणजे वाचताना घ्यायचा विराम, येतो.

मी आठवणीतून केका लिहून काढली आणि पहिल्याच चरणात अडलो. अक्षरे बरोबर १७ भरत होती, पण दुसरा गण 'स'ऐवजी 'र' येत होता. दुसऱ्या चरणात त्याच जागी 'य' आला. गण ओळखण्याचे सूत्र 'यमाताराजभानसलगं' तीनदा म्हणून पाहिले, तरी उत्तर तेच. चूक माझ्या लेखणीची होती, कारण आजच्या शुद्धलेखनाच्या सवयीने मी 'सुसंगती' आणि 'मतीचा' असे लिहिले होते. पंतांचे शब्द 'सुसंगति' आणि 'मतिचा' असे आहेत; ते ऱ्हस्व करताच दोन्ही चरण जुळले.

दुसरी अडचण वाचनाची होती. गण पाडण्यासाठी मी दर तीन अक्षरांनंतर उभी रेघ मारली होती आणि भाची त्या रेघांवर थांबत वाचू लागली, तेव्हा केकेची चालच हरवली. यती तिसऱ्या गणाच्या मधोमध, 'घडो'वर पडतो. म्हणजे गण हे केवळ मोजमाप, श्वास थांबतो तो यतीवर. पंतांनी यमकही तिथेच बसवले आहे: घडो-पडो, झडो-नावडो, दडो-अडो, रडो-जडो. चार चरणांत आठ वेळा 'डो' येतो आणि आठही शब्द क्रियापदे आहेत, त्यामुळे कागदावर चार ओळी असल्या तरी कानाला आठ मागण्या ऐकू येतात. हे यमक निव्वळ अलंकार आहे असे मला आता वाटत नाही; यती कुठे घ्यायचा हे तेच सांगते.

चौथ्या चरणातील 'भवच्चरित्रीं' मात्र भाचीनेच सोडवले. पुढे जोडाक्षर असल्याने 'व' आणि 'रि' हे दोन्ही गुरू होतात, हे तिने दोन्ही अक्षरांवरचा आघात मोठ्याने म्हणून दाखवून पटवले.