निरक्षर आईची स्मरणशक्ती तपासून घेताना

आई शाळेत कधी गेलीच नाही. माण तालुक्यात खुरपणी, शेरडं आणि आठवडी बाजार यांत तिचं आयुष्य गेलं. हिशोब मात्र तोंडी, चोख. ती वारलेल्या मामांची पुन्हा पुन्हा चौकशी करायला लागली, तेव्हा आम्ही तिला पुण्यात दाखवलं.

पहिल्या ठिकाणी ३० गुणांची एमएमएसई, म्हणजे स्मरणशक्ती, लक्ष, भाषा तपासणारी छोटी चाचणी घेतली. १९७५ सालची, अमेरिकेत तयार झालेली. शंभरातून सात-सात वजा करत जा, एक वाक्य लिहा, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून काढा. "मला लिवता येत न्हाई, बाळा," आई म्हणाली. तिथे शून्य. तारीख विचारली तर म्हणाली, "सरावण हाय, काल एकादशी झाली." अगदी बरोबर होतं ते, पण गुण नाही. शेवटी निष्कर्ष काय, तर स्मृतिभ्रंशाचा (डिमेन्शियाचा) आजार फार पुढे गेलाय. मला संताप आला. तिचं विसरणं खरंच होतं, पण या कागदावर त्याच्यासोबत तिची न झालेली शाळाही मोजली होती.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी शिक्षण विचारलं, कान तपासले, बी-१२, थायरॉईड आणि सीटी स्कॅन करायला लावलं. तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर खेडूतांसाठी बेतलेल्या चाचणीच्या धर्तीवर, मराठीत प्रश्न विचारले. वाक्य लिहायचं नाही, घराबद्दल काहीतरी सांगायचं. ‘डोळे मिटा’ हे वाचायचं नाही, बाईंच्या चेहऱ्याकडे बघून त्या करतील तसं करायचं. आई घराबद्दल सांगायला लागली ती थांबेचना! मग माझ्याशी वेगळं बोलणं झालं: सुट्टे पैसे बरोबर घेते का, हातातलं काम अर्ध्यावर विसरते का, ओळखीच्या वाटेवर चुकते का, आणि हे सगळं आधी कसं होतं. सोबत राहणाऱ्या माणसानंच जायला हवं ते यासाठी.

बोलणं, लक्ष, समज चांगली निघाली. पण थोड्या वेळापूर्वी सांगितलेल्या तीन शब्दांपैकी एकही तिला आठवला नाही. म्हणजे आजाराची शंका खरी, पण सुरुवातीची. बी-१२ सुद्धा बरंच कमी होतं. त्याची इंजेक्शनं चालू आहेत. सहा महिन्यांनी पुन्हा हीच चाचणी, म्हणजे तुलना तिची तिच्याशीच होईल. तुमच्याकडे कोणाला न्यायचं असेल, तर शिक्षण किती झालंय ते आपणहून आधी सांगा, कोणती चाचणी घेणार ते विचारा आणि गुणांचा कागद मागून घ्या.