कोलोनची कबुतरं

जर्मनीतल्या कोलोन शहरात, पडक्या चर्चवर उभारलेलं कोलुंबा हे संग्रहालय मंगळवारी बंद असतं, हे आम्हाला त्याच्या दारासमोर उभं राहिल्यावर कळलं. बॉनहून गाडी पकडून, कोलोनच्या कथेड्रलसमोरच्या गर्दीतून वाट काढत, भुरभुर पावसात आम्ही पाच जण तिथवर आलो होतो. नातू रडायला लागला. लेक जावयावर चिडली, कारण वेळा बघायचं काम त्याच्याकडे होतं. मी पावसापासून आडोसा म्हणून भिंतीला टेकले, आणि टेकताना हात भिंतीवर गेला.

खाली जुना दगड होता. खडबडीत, काळपट, कुठेकुठे झिजून गोल झालेला. माझ्या खांद्याच्या वर तो वेडावाकडा तुटलेला होता, दात पडल्यासारखा. आणि त्या तुटलेल्या काठावरच वीट बसवलेली होती. साधी वीट नव्हे. हातभर लांब, जेमतेम दोन बोटं जाडीची, राखेच्या रंगाची. दोन विटांमधली दरजही चांगलीच जाड. दगड जिथे खाली गेला होता तिथे वीट खाली उतरली होती, दगड जिथे उंच राहिला होता तिथे वीट थांबली होती. मी बोट फिरवत त्या काठाने चालत गेले. दगडाचा एकही कंगोरा छाटून सरळ केलेला नव्हता. एवढ्या भिंतीत एकाही गवंड्याला ‘हे जरा सपाट करून घेऊ’ असं वाटलं नसेल? की वाटलं, आणि कुणीतरी त्याचा हात धरला?

मी वसईची. आमच्या गावचं चर्च पोर्तुगीज काळातलं आहे. त्याची एक भिंत पाडण्यात माझाही हात होता, म्हणून त्या पावसात मी एवढा वेळ तिथे उभी राहिले.

आधी तेच सांगते. वसईत पोर्तुगीज आले १५३४ मध्ये, आणि मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला. किल्ल्यातली चर्चेस उजाड झाली, त्यातली बहुतेक आजही छपराविना उभी आहेत. चर्चच्या घंटा दूरदूर गेल्या. मेणवलीच्या मंदिरातल्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरिया आणि १७०७ हे साल मी स्वतः पाहिलं आहे. गावांतली चर्चेस मात्र लोकांनी धरून ठेवली. पडझड झाली की डागडुजी करायची, कौलं चाळायची, पावसाळ्यानंतर चुना काढायचा. आमच्या आजीच्या पिढीपर्यंत हे असंच चाललं. मग दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा झाली, १९६२ ते ६५. मिस्सा, म्हणजे चर्चमधली आमची उपासना, लॅटिनमधून मराठीत आली, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले, वेदी मागच्या भिंतीपासून सुटून पुढे आली. मला मराठी मिस्सेचा अपार अभिमान आहे. पण वेदी पुढे आली की आतली सगळी मांडणी बदलते, आणि ‘आता हातासरशी तेही करून घेऊ’ ही सवय आम्हाला तेव्हापासून लागली.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे रविवारी माणसं आत मावेनात. अर्धा गाव बाहेर मांडवात उभा राहून मिस्सा ऐकायचा. सभा भरली. बाजूची भिंत काढून चर्च रुंद करायचं ठरलं. मी तेव्हा मराठी शाळेत शिक्षिका होते, माझ्या शब्दाला थोडं वजन होतं. दोन-तीन म्हाताऱ्या बायका, लाल लुगड्यातल्या, मागे बसून म्हणत होत्या की भिंत नको पाडू, मागे वाढवा. त्यांना कुणी समजावलं? मी. ‘आजी, आता माणसं वाढली, देवाचं घर मोठं नको का?’ आणि हात वर केला.

भिंत चार दिवसांत गेली. तीन फूट जाड, चुन्याची. आतून कवड्यांएवढे शिंपले निघाले, मुलांनी खिसे भरून नेले. तिच्या दारापाशी पवित्र पाण्याचं दगडी कुंड होतं. आत शिरताना बोटं बुडवून कपाळाला लावायचं, म्हणून त्याचा काठ एका जागी गुळगुळीत झालेला. ते काढताना फुटलं. चर्चमागच्या केळीत नेऊन ठेवलं. नंतर स्लॅब पडला, टाइल्स आल्या, पंखे आले. माणसं मावली, हे खरं. उन्हाळ्यात आत बसवत नाही, हेही तितकंच खरं. आणि आता तीस वर्षांनी पुन्हा माणसं मावत नाहीत, पुन्हा सभा भरते आहे, आणि बांधकाम समितीत मी आहे.

तर कोलोन.

संग्रहालय बंद होतं, पण त्याच इमारतीच्या कडेला रस्त्यावर उघडणारं एक वेगळं दार आहे. त्यातून एक बाई पिशवी घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी दार आमच्यासाठी धरून ठेवलं. आत गेलो तर चॅपल. छोटंसं, अंधारं, मेणबत्त्यांनी ऊबदार. ओल्या कोटांचा वास. खरेदीच्या पिशव्या पायाशी ठेवून आठ-दहा माणसं गुडघ्यांवर होती. पुढे अष्टकोनी गाभारा, तंबू ताणावा तसा, आणि त्यात उभी मरिया. दगडाची, पाचशे वर्षांहून जुनी.

तिची गोष्ट सांगायला हवी. संत कोलुंबा हा मध्ययुगात कोलोनमधला सगळ्यात मोठा धर्मग्राम, म्हणजे एका चर्चभोवतीचा भाविकांचा समुदाय होता, आणि चर्चही तसंच भलंमोठं, पाच दालनांचं. दुसऱ्या महायुद्धात कोलोनवर बॉम्ब पडत राहिले. ३० मे १९४२ च्या रात्री तर एकाच वेळी हजार विमानं आली. युद्ध संपलं तेव्हा जुनं शहर जवळजवळ सगळंच ढिगारा झालं होतं. कथेड्रलवरही बॉम्ब पडले, पण ते उभं राहिलं. कोलुंबा कोसळलं. भिंतींचे खुंट आणि बुरुजाचा तळ तेवढा राहिला. आणि एका खांबावर ही मरिया. आजूबाजूचं सगळं गेलं आणि ती जागची हलली नाही. लोक ढिगाऱ्यावर चढून तिच्यापाशी मेणबत्त्या लावायला लागले. तिला नावच पडलं ‘ढिगाऱ्यातली माउली’. मी मराठीत तसंच म्हणते. वांद्र्याच्या मोतमाउलीला नवस बोलून वाढलेल्या माणसाला दुसरा शब्द सुचायचा नाही.

एवढं मोठं चर्च पुन्हा बांधायला भोवती वस्तीच उरली नव्हती. म्हणून तिशीतल्या गोटफ्रीड ब्योम नावाच्या वास्तुविशारदाने १९५० मध्ये त्या अवशेषांच्या आत, माउलीपुरतं एवढंच चॅपल बांधलं. त्यांचं हे पहिलं स्वतंत्र काम. पुढे ते जर्मनीतले फार मोठे वास्तुविशारद झाले, शंभरी ओलांडून २०२१ मध्ये गेले. गाभाऱ्याच्या काचांवर शिल्पकार लुडविग गीस यांनी देवदूत काढले आहेत, माउलीच्या भोवती सगळीकडून.

नातू गप्प झाला होता. त्याने मेणबत्ती लावली, मी लावली. मनातल्या मनात ‘नमो मरिया’ सुरू केलं ते मराठीत, शेजारच्या आजी पुटपुटत होत्या ते जर्मनमध्ये, आणि आम्ही दोघी बरोबरच ‘आमेन’ला आलो. तो शब्द दोन्हीकडे सारखा.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच परत आले. लेकीला काळजी वाटत होती, पण बॉन ते कोलोन अर्ध्या तासाचा प्रवास, त्यात हरवायचं काय? बारा वाजता दार उघडतं. मी पावणेबारालाच उभी.

इमारत पेटर त्सुमथोर या स्विस वास्तुविशारदाची आहे, २००७ मध्ये उघडली. मालकी कोलोनच्या आर्चडायोसिसची, म्हणजे तिथल्या कॅथलिक महाधर्मप्रांताची. वरच्या मजल्यांवर जुन्या मूर्ती आणि नव्या कलाकृती शेजारीशेजारी मांडल्या आहेत, भिंतीवर एकाही वस्तूची पाटी नाही, हातात पुस्तिका देतात. मला तिथे फार रमता आलं नाही, पाय दुखत होते आणि मन खाली होतं.

खाली एक दार आहे, जड. ते ढकललं की जुनं चर्च. म्हणजे त्याचा पाया, त्याचे खुंट, त्याच्या आधीच्या चर्चचा पाया, आणि त्याच्याही खाली रोमन घरांच्या भिंती. १९७४ ते ७६ मध्ये इथे उत्खनन झालं, त्यात हे सगळं वर आलं. पायाखाली तांबूस लाकडाची नागमोडी वाट, मातीला न टेकता जाणारी. डोक्यावर खूप उंच छप्पर, आणि ते तोलायला बारीकबारीक खांब, नारळीच्या खोडाइतकेही जाड नाहीत. भिंतीच्या वरच्या भागात विटा सोडून सोडून लावल्या आहेत, शेकडो भोकं. त्यातून उजेड ठिपक्याठिपक्यांनी आत येतो, वारा येतो, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येतो. काच नाही. एसी नाही. बाहेर थंडी तर आत थंडी. आमच्या किल्ल्यात, सेंट जोसेफ चर्चच्या उघड्या भिंतींमध्ये फेब्रुवारीच्या सकाळी जसं वाटतं तसं मला तिथे वाटलं, छप्पर असूनही.

आणि कबुतरं घुमत होती. एक इकडून, एक तिकडून, मध्येच पंखांची फडफड. मला जरा रागच आला. एवढा खर्च करून भोकांना जाळी नाही लावली? चर्चच्या माळ्यावरची कबुतरांची घाण साफ करण्यात आमच्या तरुणांचे किती रविवार गेले आहेत! मी वर बघत राहिले. एकही कबूतर दिसेना. खाली विष्ठेचा डाग नाही, पीस नाही. शेवटी राखणीला उभ्या असलेल्या बाईंना विचारलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं हातांनी. त्या हसल्या. ही खरी कबुतरं नाहीत, म्हणाल्या. नवी इमारत व्हायच्या आधी या पडक्या चर्चमध्ये कबुतरांनी घर केलं होतं. १९९४ मध्ये बिल फोंटाना नावाच्या अमेरिकन कलाकाराने त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. बांधकाम झालं, कबुतरं गेली, आवाज इथेच ठेवले.

मी त्या लाकडी वाटेवर कठड्याला धरून उभी राहिले आणि मला रडू आलं. लॅटिनमध्ये कोलुंबा म्हणजे कबूतर, हे मला फादरांनी लहानपणी शिकवलेलं. कबुतर नावाच्या संतिणीच्या घरातून कबुतरांना निघावं लागलं, तर कुणाला तरी त्यांचा आवाज जपून ठेवावासा वाटला. आमच्या भिंतीत चिमण्यांची घरटी होती. ती किती होती तेही मी मोजलं नव्हतं. त्या आज्यांचा आवाज तर मी स्वतःच बंद केला होता.

एक तक्रार मात्र आहे, आणि ती मनापासून आहे. त्या वाटेवरून चालताना ब्योम यांचं चॅपल बाहेरून दिसतं, कारण नव्या इमारतीने त्याला आख्खंच पोटात घेतलं आहे. म्हणजे गीस यांच्या देवदूतांवर आता सूर्य पडत नाही. भोकांतून झिरपलेला उजेड काय तो मिळतो. आदल्या दिवशी चॅपल एवढं अंधारं का वाटलं, ते मला तिथे कळलं. उघड्या आकाशाखाली बसवलेल्या काचा त्या. जुन्या दगडाचा एकेक कंगोरा सांभाळणाऱ्यांनी तो प्रकाश कसा जाऊ दिला? मी त्या दिवशी पुन्हा चॅपलमध्ये गेले, देवदूतांकडे बराच वेळ पाहिलं. माणसं मात्र येतच होती. वर पाहणारे आर्किटेक्चरचे विद्यार्थी भिंतीचे फोटो काढून निघून जात होते, आणि कडेच्या दारातून पिशव्यावाल्या बाया आत शिरत होत्या. धर्मग्राम अजून तिथे आहे, हे मला त्या बायांमुळे पटलं.

त्यानंतर ॲमस्टरडॅम झालं, पॅरिस झालं, ऱ्हाईनवरची बोट झाली. सगळीकडे रांगा, सगळीकडे महाग कॉफी.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चमागे गेले. केळीत शोधावं लागलं. कुंड तिथेच होतं, पालथं, निम्मं मातीत, वर कुणीतरी पाइप गुंडाळून ठेवलेला. चार पोरांना हाक मारली. उचललं, दोन तुकडे होते, दोन्ही मिळाले. नळाखाली धुतले. माती निघाली तसा काठ दिसायला लागला, आणि बोटांनी झिजलेली ती जागा. मी माझी बोटं तिथे ठेवून पाहिली, अजून बरोबर बसतात.

पुढच्या सभेत मी ते दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले. नवीन बांधकाम मागच्या अंगणाकडे वाढवावं, उरलेल्या तीन जुन्या भिंतींना हात लावू नये, आणि कुंड नव्या दारापाशी जसं आहे तसं, सांधा दिसेल असं बसवावं, असं लिहून दिलं. तीस वर्षांपूर्वी मी कुणाला काय समजावलं होतं, तेही उभं राहून सांगितलं. त्या आज्यांपैकी एकीची सून समोरच बसली होती. तिने आधी हात वर केला.

निर्णय अजून व्हायचा आहे. कुंड सध्या साक्रिस्तीत, म्हणजे वेदीमागच्या सामानाच्या खोलीत, खिडकीखाली, गोणपाटावर ठेवलं आहे.