सह्या मुख्यालयातच व्हायच्या

"तिकडचे सगळे सौदे मीच जमवतो," विक्रीप्रमुख छाती फुगवून म्हणाले. शेजारी बसलेल्या फायनान्स डायरेक्टरांनी हातातलं पेन हळूच खाली ठेवलं.

आमची अशील यंत्रं बनवणारी कंपनी. ज्या देशाच्या करखात्याची नोटीस आली होती तिथे तिचं ना ऑफिस, ना गोदाम. होते ते फक्त हे गृहस्थ, बारा महिने फिरतीवर. तिथे कंपनी नफ्यावर कर भरत नव्हती, कारण भरावा लागत नाही असा लेखी सल्ला तिला 2014 साली मिळाला होता. तो माझाच.

तेव्हा तो बरोबर होता. दुहेरी कर टाळण्याचे पुष्कळ करार ओईसीडी या, मुख्यतः विकसित देशांच्या, आर्थिक संघटनेच्या नमुन्यावर बेतलेले असतात. त्यात परदेशी कंपनीच्या नफ्याला हात लावायचा, तर तिची त्या देशात परमनंट एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे धंद्याचं कायमचं ठाणं, आमच्या बोलीत 'पीई', असावी लागते. जागा नसली तरी माणसामुळेही पीई होते. मात्र त्या माणसाने कंपनीच्या नावाने करार करायचा अधिकार नेहमी वापरलेला असला पाहिजे. म्हणून मी लिहिलं होतं, सह्या मुख्यालयातच होऊ द्या. कंपनीने ते अगदी इमानदारीने पाळलं.

पुढे 7 जून 2017 ला पॅरिसमध्ये असे अनेक करार एकदम सुधारणाऱ्या बहुपक्षीय करारावर सह्या झाल्या. त्याची गंमत अशी की जुन्या कराराचं एक अक्षरही खोडलं जात नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावे लागतात. त्याचं कलम 12 सही कुणाची हे बघत बसत नाही. सौदा घडवून आणण्यात मुख्य वाटा कुणाचा, आणि मुख्यालय तो फारसा बदल न करता नेहमी मंजूर करतं का, हे बघतं. बऱ्याच देशांनी हे कलम नाकारलं आहे. आमच्या प्रकरणातल्या दोन्ही देशांनी स्वीकारलं होतं.

मी विचारलं, "तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात मुख्यालयाने कधी बदल केलाय?"

ते आठवू लागले. "एकदा. गिऱ्हाइकाच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं."

मग पुढचे तीन तास मी एक विचित्र काम केलं: ज्या माणसाच्या कर्तबगारीवर कंपनी उभी होती, त्याची कर्तबगारी कागदावर लहान करत गेलो. पीई मान्य केली तरी सगळा नफा तिकडे जात नाही, तिच्या वाट्याचा तेवढाच जातो. यंत्राचं डिझाइन कुणाचं? पैसे बुडाले तर कुणाचे? दुरुस्ती कोण करतं? प्रत्येक उत्तर "मुख्यालय" आलं की मला हायसं वाटे आणि त्यांचा चेहरा आणखी उतरे.

निघताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही," मी म्हणालो.

कायदा बदलल्याचं परिपत्रक आम्ही सगळ्या अशिलांना पाठवलं होतं हे खरं. चाळीस पानी होतं. कलम 12 चौतिसाव्या पानावर. या कंपनीला वेगळा फोन करायला हवा होता, तो मी केला नव्हता.

सगळे गेल्यावर जुना मेमो काढून सहीपर्यंत वाचला आणि आमच्या फर्मचा व्यावसायिक विमा बघणाऱ्या भागीदारांना फोन लावला.