सपादनी सोडू नका

आटपाडी, जत, माण या भागांतली तरुण मंडळी नेहमी विचारतात : गावच्या ओवीमंडळाचं रेकॉर्डिंग मोबाईलवर केलंय, शब्दही उतरवून घेतलेत, आता धनगरी ओवी जपली गेली ना? तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो, बहुतेक वेळा अर्धीच जपली जाते.

ही ओवी आधी गातात आणि मग तोच प्रसंग बोलून उलगडतात. या बोलण्याला सपादनी म्हणतात. गाणं थांबलं की पुष्कळ जण रेकॉर्डिंग बंद करतात, आणि नेमकी कथा निसटते. देव कुठल्या वाटेनं आला, पाणी कुठं लागलं, कुणाचा शब्द मोडला, हे सगळं सपादनीत खुलतं. बिरोबा आणि धुळोबा या धनगरांच्या देवांच्या ओव्या जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी गाण्यासकट आणि सपादनीसकट ध्वनिमुद्रित केल्या. ते 1992 साली गेले, तरी 2014 मध्ये या ओव्यांचा इंग्रजी अनुवाद पुस्तकरूपानं येऊ शकला.

धनगरांच्या कथेत पहिली मेंढरं वारुळातून बाहेर आली आणि ती राखायला धनगर नेमला गेला. मेंढरू इथं आधी राखायची जबाबदारी म्हणून येतं, मालमत्ता म्हणून नंतर. आरेवाडीच्या बिरोबाला जाणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पण आपण चार ओळींचा सारांश लिहिला की त्याची नुसती दंतकथा होते. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हेच.

मोबाईल ढोलाजवळ ठेवू नका, आवाज फाटतो आणि शब्द बुडतात. गाणाऱ्यांपासून तीन-चार फुटांवर, ढोलापासून लांब ठेवा. माळावर वारा असतोच, माइकला फोमची टोपी घाला. आवाज न दाबता साठवणारी डब्ल्यूएव्ही फाइल तासाला साधारण 600 एमबी जागा खाते, तेवढी आधीच मोकळी करा. व्हॉट्सअपवर फिरून आलेला व्हिडिओ मूळ प्रत म्हणून ठेवू नका, त्यातला आवाज दाबलेला असतो.

उतरवताना ‘व्हता’चं ‘होता’ करू नका. परत आलेली ओळ परत लिहा. झेलकऱ्यांनी, म्हणजे मागं साथ देणाऱ्यांनी, ती उचलली की मुख्य गाणाऱ्याला पुढचं जुळवायला उसंत मिळते. अडलेला शब्द मध्येच थांबवून विचारू नका, ओवी तुटते. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग ऐकवून त्यांनाच विचारा. कुठला भाग बाहेर जाऊ द्यायचा हेही तेव्हाच ठरवून घ्या, आणि एक पूर्ण प्रत मंडळाकडे ठेवा.