इंग्रजी क्रियाविशेषणाची जागा

क्रियाविशेषणाची व्याख्या पाठ करून घेऊन पुढे जाण्याची शिकवण्याची पद्धत मला अपुरी वाटते, कारण मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची खरी अडचण या शब्दांच्या अर्थाची नसून वाक्यातील त्यांच्या जागेची असते. मराठीत ‘मी नेहमी चहा पितो’ आणि ‘मी चहा नेहमी पितो’ ही दोन्ही वाक्ये चालतात. इंग्रजीत मात्र क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण सहसा बसत नाही. म्हणूनच ‘आय ड्रिंक ऑल्वेज टी’ हे चूक आणि ‘आय ऑल्वेज ड्रिंक टी’ हे बरोबर.

ऑल्वेज, ऑफन, नेव्हर यांसारखे वारंवारता दाखवणारे शब्द मुख्य क्रियापदाच्या आधी येतात, पण ‘इज’ किंवा ‘आर’ हेच मुख्य क्रियापद असेल तर त्याच्यानंतर येतात, जसे ‘शी इज ऑल्वेज लेट’; आणि सहायक क्रियापदे एकाहून अधिक असतील, तर बहुधा पहिल्यानंतर: ‘दे हॅव नेव्हर बीन सीन’. जोर देण्यासाठी ‘नेव्हर’ आरंभी आणले, की सहायक क्रियापद कर्त्याच्याही पुढे सरकते: ‘नेव्हर हॅव आय सीन सच रेन’. इंग्रजी वाक्यरचनेतील हा भाग मला फार देखणा वाटतो, आणि तो शाळेत उशिरा शिकवला जातो याची खंतही वाटते.

क्रियाविशेषण ओळखण्यासाठी शब्दाच्या शेवटच्या ‘ली’ या प्रत्ययावर विसंबणेही धोक्याचे आहे. ‘फ्रेंडली’ हे विशेषण आहे, तर ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कसून काम करतो आणि ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जवळजवळ काहीच करत नाही.