तुम्ही विचारलंत म्हणून: थिंक टँकमध्ये दिवसभर करायचं काय?

"दिल्लीला थिंक टँकमध्ये होतीस म्हणे. म्हणजे नेमकं काय करत होतीस गं?" हे मला लग्नाकार्यात मामा विचारतात आणि राज्यशास्त्र घेतलेली मुलंही विचारतात. मामांना 'चीन-जपानचा अभ्यास' एवढं पुरतं, पुढचा प्रश्न पगाराचा असतो. मुलांना मात्र खरं सांगायला हवं. थिंक टँक म्हणजे धोरणांचा अभ्यास करणारी संस्था, आणि तिथे मी होते तशी इंटर्न (शिकाऊ) म्हणजे राजदूतांच्या मांडीला मांडी लावून चर्चा, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात असतं.

मी बहुतेक वेळ एक्सेल भरत होते.

तैवानचं संरक्षण मंत्रालय रोज सकाळी एक पत्रक काढतं. आदल्या दिवशीच्या सकाळी सहापासून त्या दिवशीच्या सहापर्यंत बेटाभोवती चीनची किती लष्करी विमानं आणि जहाजं दिसली, किती विमानांनी चीन आणि तैवानमधल्या सामुद्रधुनीतली काल्पनिक मध्यरेषा ओलांडली किंवा हवाई संरक्षण ओळख क्षेत्रात (येणारं विमान कोणाचं हे जिथे तपासलं जातं त्या पट्ट्यात) प्रवेश केला, याची मोजदाद त्यात असते. तैवानचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, त्यामुळे आम्ही ऑफिसात पोचेपर्यंत आकडे आलेले असायचे. ते तक्त्यात टाकायचे आणि शेजारी त्या दिवशीची नोंद करायची: कोणाचा दौरा, कुठला लष्करी सराव, हवामान कसं. हवामान विसरून चालत नाही. वादळात विमानं कमी उडतात आणि एखादा हौशी विश्लेषक त्यात चीनची नरमाई शोधून मोकळा होतो.

आता हे ओळख क्षेत्र म्हणजे तैवानची हद्द नव्हे. सार्वभौम हद्द किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत. ओळख क्षेत्र तिच्या कितीतरी पलीकडे पसरलेलं आहे, कागदावर तर चीनच्या मुख्य भूमीचा काही भागसुद्धा त्यात येतो. 'तैवानच्या हद्दीत चिनी विमानं घुसली' अशी पट्टी वाहिनीवर धावते तेव्हा बहुतेक वेळा तसं काही घडलेलं नसतं. मध्यरेषेची गोष्ट निराळी. ती ओलांडायची नाही असा काही करार नाही, पण दोन्ही बाजू ती कित्येक दशकं साधारणपणे पाळत आल्या होत्या. ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या अध्यक्ष नॅन्सी पेलोसी तैवानच्या राजधानीला, तैपेईला जाऊन आल्या आणि त्यानंतर ती ओलांडणं नित्याचं झालं. तक्ता खाली सरकवत गेलं की तो बदल डोळ्यांना दिसतो. 2024 च्या सुरुवातीपासून मंत्रालयाने विमानांचे प्रकार तपशिलात देणं थांबवलं. तो रकाना तिथून पुढे कोराच आहे. अंदाजपंचे काही भरायचं नाही, ही तिथली पहिली शिस्त.

माझं जपानी पुण्यात शिकलेलं, एन-थ्रीपर्यंतचं, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेतल्या मधल्या पातळीचं. तेही असंच रुक्ष कामाला लागलं. चिनी किंवा रशियन युद्धनौका ओकिनावा आणि मियाको बेटांमधून गेल्या की जपानचं संरक्षण खातं जहाजाचा फोटो, त्याचा क्रमांक आणि नकाशावर काढलेला मार्ग प्रसिद्ध करतं. तिथून जाणं बेकायदा नाही, तरी जपान प्रत्येक खेप नोंदवतो आणि जगाला दाखवतो. या पत्रकांची भाषा ठरीव असते. मोजके शब्द पाठ झाले की वाचता येतात, साहित्याचा अभ्यास लागत नाही.

सगळ्यात रमले ते एका टिपणात, कारण विषय माझ्या गावचा निघाला. मी तळेगाव दाभाड्याची. जनरल मोटर्सचा इथला कारखाना विकत घ्यायचं चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने जानेवारी 2020 मध्ये ठरवलं. एप्रिलमध्ये केंद्र सरकारने जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला आधी मंजुरी घेणं सक्तीचं केलं. जूनमध्ये गलवान झालं, म्हणजे सीमेवर भारत-चीन सैनिकांची चकमक. मंजुरी काही आली नाही, 2022 च्या मध्याला करार संपला आणि 2023 मध्ये तो कारखाना कोरियाच्या ह्युंदाईने घ्यायचं पक्कं केलं. चीन गेला, कोरिया आला, आणि अधली तीनेक वर्षं गावात एकच चर्चा, कंपनी सुरू होणार की नाही. पूर्व आशियाचं राजकारण म्हणजे काय, हे मला सेमिनारपेक्षा या प्रकरणात जास्त कळलं. मसुदा वरिष्ठांकडून परत आला तेव्हा 'परस्पर अविश्वास' या शब्दांखाली रेघ होती आणि समासात लिहिलं होतं: कोणाचा, कधीपासून, कुठल्या कागदात दिसतो?

बाकी हमाली असतेच. सेमिनारला माइक घेऊन धावायचं, नावांच्या पाट्या हुद्द्याप्रमाणे लावायच्या (यावरून खरोखर रुसवेफुगवे होतात), नंतर कोण काय बोललं त्याचा अहवाल लिहायचा.

चिनी किंवा जपानी यायलाच हवं का? नाही, पण येत असेल तर अर्जांच्या ढिगातून तुमचा वर येतो. नसेल तर लिहिलेलं दाखवा. 'आशियाचं शतक' छापाचा निबंध नको. एखाद्या छोट्या प्रश्नावर दोन पानं पुरतात, आणि रांजणगावच्या कोरियन-चिनी कंपन्या किंवा तैवानने 2024 मध्ये मुंबईत उघडलेलं कार्यालय असे विषय आपल्या दाराशीच पडले आहेत.

आणि मामांचा प्रश्न. काही संस्था मानधन देतात, काही नुसतं प्रमाणपत्र. दिल्लीतलं खोलीभाडं दोघांनाही सारखंच पडतं. मुलाखतीतच विचारून घ्या. घरून पैसे मागवणं जमणार नसेल तर घरी बसून काम करता येईल का, हेही त्याच वेळी विचारा. मी विचारलं होतं, आणि पहिले काही आठवडे तळेगावातूनच तक्ता भरला.