तहरीरमध्ये दगडफेक चालू असताना पिरॅमिड बघायला जाणं

आम्ही इजिप्तची तिकिटं काढली ती ऑगस्ट २०११ मध्ये, आणि तेव्हा खरंच सगळं निवळलंय असं वाटत होतं. तीस वर्षं राष्ट्राध्यक्ष असलेले होस्नी मुबारक ११ फेब्रुवारीला पायउतार झाले होते, ऑगस्टमध्ये तर ते कोर्टातल्या पिंजऱ्यात स्ट्रेचरवर पडलेले टीव्हीवर दिसले, म्हणजे झाली की क्रांती, आता डिसेंबरच्या सुट्टीत जाऊन येऊ, तिकडे तेव्हा हवा छान असते आणि भावही पडलेत. हो, भाव पडलेत हे आमच्या डोक्यात होतंच, उगाच इतिहासप्रेमाचा आव आणत नाही.

मग ऑक्टोबरमध्ये मास्पेरोला, म्हणजे कैरोच्या सरकारी टीव्ही बिल्डिंगपाशी, कॉप्टिक म्हणजे तिथल्या मूळच्या ख्रिश्चनांच्या मोर्चावर लष्कराच्या गाड्या घातल्या, वीसच्या वर माणसं मेली. नोव्हेंबरात कैरोतल्या तहरीर चौकाला, जिथे मुबारकविरोधी आंदोलन झालं होतं, लागून असलेल्या मोहम्मद महमूद रस्त्यावर कितीतरी दिवस अश्रुधूर आणि छर्रे. आणि आमच्या फ्लाइटच्या थोडेच दिवस आधी मंत्रिमंडळाच्या ऑफिससमोर परत तेच, त्यातच १७ डिसेंबरला नेपोलियनने १७९८ मध्ये काढलेली अभ्यास-संशोधनाची संस्था जळाली, जुन्या पुस्तकांसकट. पोरं जळकी ओली पुस्तकं हातात घेऊन बाहेर पळतायत असं फुटेज होतं, ते बघून मला रडू आलं. सासूबाईंचा दर वेळी फोन, "अगं टीव्ही बघितलास का? आत्ताच कशाला मरायला जायचंय, पिरॅमिड काय पळून चाललेत?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, साडेचार हजार वर्षं ते तिथेच आहेत.

ज्या ग्रुप टूरबरोबर ओळखीतले लोक जाणार होते ती कधीच रद्द झाली होती. आमचं आम्हीच ठरवलेलं, त्यामुळे रद्द करायला दुसरं कोणी नव्हतं. ट्रॅव्हल इन्शुरन्सचं एक सांगून ठेवते, पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचा. पाकीट मारलं, बॅग हरवली, पाय मोडला तर ठीक, पण दंगल, उठाव वगैरे बहुतेक वेळा वगळलेलं असतं, आणि आधीपासून बातम्यांत असलेल्या गडबडीसाठी ट्रिप रद्द केलीत तर कोणी दमडी देत नाही.

जायच्या आधी नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाशी बोललो, तो जानेवारीत, आंदोलन पेटलं तेव्हा, बायको-मुलीसह कैरोत अडकला होता. त्याचं ऐकून मला पहिल्यांदा कळलं की अशा वेळी नेमकं काय होतं. २८ जानेवारीच्या शुक्रवारी सकाळी उठले तर इंटरनेट गायब आणि मोबाईलही बंद. सरकारने अख्ख्या देशाचंच नेट बंद केलं होतं, ते पुढे पाचेक दिवस तसंच होतं. लँडलाइन मात्र चालू, त्यामुळे हॉटेलच्या रिसेप्शनवर फोनसाठी रांग. संध्याकाळी कर्फ्यू, नंतर तर दुपारी तीनपासूनच. रस्त्यावरून पोलीस एकदम नाहीसे झाले, मग गल्लीगल्लीत तिथलेच लोक काठ्या, पाइप, किचनमधले सुरे घेऊन रात्रभर पहाऱ्याला बसायला लागले. तो म्हणाला, त्या लोकांनी आम्हाला दर कोपऱ्यावर थांबवलं, पासपोर्ट बघितला, "हिंदी?" म्हणून विचारलं आणि एकाने अमिताभचं नाव घेतलं की पुढचा कोपरा सोपा. पैशांचं काय, तर बँका बंद, एटीएम रिकामी. शेवटी आपल्या सरकारने एअर इंडियाचं जास्तीचं विमान पाठवलं तेव्हा ते परतले. त्याचा सल्ला एकच होता, डॉलर खिशात ठेव, कार्डाच्या भरवशावर राहू नको. मी पण हेच सांगेन.

तर कैरो. विमानतळावरून हॉटेलपर्यंत, खरं सांगते, काहीच नाही. ट्रॅफिक. भयानक ट्रॅफिक, हॉर्न, फुटपाथवर पावाच्या लाद्या डोक्यावर घेऊन सायकल चालवणारे, कुशरीच्या दुकानांत गर्दी (भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वरून टोमॅटोचा रस्सा आणि तळलेला कांदा, शाकाहारी लोकांनो हे खा, पोटभर आणि स्वस्त). एवढ्या अवाढव्य शहरातला एक चौक आणि त्याच्या बाजूचे दोन-तीन रस्ते आम्ही वर्षभर टीव्हीवर बघत होतो. पण म्हणून "मीडिया उगाच घाबरवतं" असं जे परत आलेले लोक छातीठोकपणे सांगतात ना, ते मला पटत नाही. त्या दोन-तीन रस्त्यांवर माणसं खरोखर मेली होती, कित्येकांचे डोळे गेले होते. आमच्या हॉटेलपासून ते लांब होतं इतकंच.

तहरीरला जावंच लागलं कारण इजिप्शियन म्युझियम तिथेच आहे. गुलाबी रंगाची ती १९०२ ची इमारत, आणि तिला चिकटून मुबारकच्या पक्षाचं मुख्यालय, जळून काळं ठिक्कर पडलेलं, खिडक्यांच्या जागी नुसती भोकं. दोन्ही तेव्हा एका फोटोत यायच्या. चौकात तंबू होते, चहावाले, रताळी भाजणारे, झेंडे आणि क्रांतीचे टीशर्ट विकणारे, आणि बाजूच्या रस्त्यांची तोंडं लष्कराने सिमेंटचे मोठे ठोकळे एकावर एक रचून बंद केलेली. आमच्या गाइडचा नियम साधा होता, सकाळी जायचं, दुपारच्या आत निघायचं, शुक्रवारी त्या बाजूला फिरकायचंच नाही कारण जुम्म्याच्या नमाजानंतर मोर्चे निघतात, आणि संध्याकाळी तुम्ही मॅडम तर अजिबात नाही. ह्या शेवटच्याला मी आधी नाक मुरडलं पण गर्दीत बायकांवर होणाऱ्या हल्ल्यांबद्दल तिथल्याच मुली उघड बोलत होत्या. २० डिसेंबरला हजारो बायका कैरोच्या रस्त्यावर उतरल्या त्या लष्कराने एका मुलीला कपडे फाटेस्तोवर ओढत मारलं म्हणून. मी गुपचूप ऐकलं त्याचं.

मला सगळ्यात मजा वाटली ती निवडणुकीच्या बॅनरची. मुबारकनंतरची पहिली निवडणूक टप्प्याटप्प्याने चालू होती आणि प्रत्येक उमेदवाराला चिन्ह! आपल्यासारखंच! मुस्लिम ब्रदरहुड ह्या इस्लामी संघटनेच्या पक्षाचा तराजू, त्याहून कट्टर सलफींच्या नूर पक्षाचा कंदील, आणि अपक्षांना काय वाट्टेल ते, मिक्सर काय, टूथब्रश काय. बोटाला शाई पण. नवरा गाइडला म्हणाला आमच्याकडे हे पन्नासच्या वर वर्षं चाललंय, तर त्याने एकदम सीरियसली विचारलं, "मग तुमच्याकडे निवडून आल्यावर लोक काम करतात का?" नवऱ्याने विषय बदलला.

म्युझियममध्ये २८ जानेवारीच्या रात्री चोर घुसले होते. कपाटं फोडली, तुतनखामेनच्या काही मूर्ती मोडल्या, काही वस्तू गेल्या. तेव्हा तहरीरमधलेच तरुण हातात हात घालून इमारतीभोवती साखळी करून उभे राहिले. गाइड हे सांगताना आवाज चढवून सांगायचा, कारण तोही होता म्हणे त्यात. म्हणे, असं मी लिहितेय कारण त्या वर्षी कैरोत भेटलेला प्रत्येक माणूस त्या साखळीत होता, असो. पण आत? आत कोणीच नाही. तुतनखामेनचा सोन्याचा मुखवटा, जिथे एरवी धक्काबुक्की असायची, तिथे आम्ही दोघं आणि एक पेंगणारा गार्ड. मी काचेला नाक लावून पाहिजे तेवढा वेळ उभी राहिले. भारी वाटलं. आणि लगेच अपराधी पण वाटलं, कारण बाहेर पोस्टकार्डं विकणारा म्हातारा आमच्या मागे मागे गेटपासून टॅक्सीपर्यंत आला होता, त्याच्यासाठी त्या सकाळची गिऱ्हाईकं म्हणजे बहुतेक आम्हीच.

गिझाला हे अजून उघडं दिसलं. पिरॅमिडच्या पायथ्याशी नझलत अस्समान नावाची वस्ती आहे, उंटवाले-घोडेवाले सगळे तिथले, पिढ्यानपिढ्या टुरिस्टवर जगणारे. २ फेब्रुवारीला तहरीरमध्ये उंट-घोडे घेऊन आंदोलकांवर चालून गेले ते ह्यांच्यातलेच. जगभर ती दृश्यं दाखवली, "उंटांची लढाई" असं नावच पडलं. मुबारकच्या माणसांनी चिथावलं, पैसे दिले हे सगळं कोर्टात गेलं, मोठ्या मोठ्या लोकांवर केस झाली आणि २०१२ मध्ये सगळे निर्दोष सुटले. पण उंटवाल्यांची बाजू आमच्या गाइडने पण धड ऐकून घेतली नाही, तो त्यांना गुंडच म्हणत होता. मला तिथे एका पोराने फोन काढून त्याच्या घोड्याचा फोटो दाखवला, जो चाऱ्याअभावी मेला होता. पिरॅमिड बंद, टुरिस्ट नाही, जनावराला रोज चारा लागतो, प्राणिमित्र संस्थांनी तेव्हा तिथे चारा वाटला म्हणून बाकीची वाचली. मी त्या हल्ल्याचं समर्थन नाही करत आहे, पण आठवडाभर ज्याची चूल पेटली नाही त्याला "हे चौकातले लोक हटले की टुरिस्ट परत येतील" एवढं सांगणं पुरेसं होत असणार.

आणि हो, ते चिकटपणे मागे लागतात, खूप मागे लागतात, माझा हात धरून उंटाकडे ओढलं एकाने, मी मराठीत ओरडले त्याच्यावर. त्या वर्षी ते दुप्पट मागे लागत होते कारण माणसं खूपच कमी होती. २०१० मध्ये देशात १ कोटी ४७ लाख टुरिस्ट आले होते, २०११ मध्ये ९८ लाख, आणि त्यातले पुष्कळ नुसते तांबड्या समुद्राच्या बीचवरचे.

जुन्या देवळांच्या लक्सर गावी गेल्यावर तर तहरीर दुसऱ्याच देशात आहे असं वाटतं. पण तिथली शांतता मला जास्त टोचली. नाइलच्या काठाला क्रूझ बोटी एकमेकींना खेटून चार-चार, पाच-पाचच्या रांगेत बांधलेल्या, सगळ्या बंद, दिवे नाहीत. आपल्या बोटीवर जायला आधीच्या बोटींच्या लॉबीतून जावं लागतं, तर त्या अंधाऱ्या लॉबीत खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या. आमच्या बोटीवर प्रवाशांपेक्षा वेटर जास्त होते. रोज टॉवेलचा हत्ती नाहीतर मगर करून ठेवायचे, बुफेत आमच्यासाठी वेगळी बिनमांसाची भाजी, आणि शेवटच्या दिवशी बक्षीस देताना त्या पोराने नोटा मोजल्या नाहीत, नुसता खिशात हात घातला.

तिथल्या कर्नाकच्या देवळातल्या त्या १३४ खांबांच्या दालनात भर दुपारी आम्ही एकटे. मी इंटरनेटवर तेव्हाचे बरेच अनुभव वाचलेत, सगळे लिहितात "नो क्राउड्स! जाण्यासाठी हीच बेस्ट वेळ!" आणि मला वाचून चीड येते, मी स्वतः तेच एन्जॉय केलं असलं तरी.

हत्शेप्सुत राणीच्या देवळापाशी, दैर अल बहारीला, गाइड फार बोलला नाही. १७ नोव्हेंबर १९९७ ला इथे बंदूकधाऱ्यांनी ५८ टुरिस्ट आणि ४ इजिप्शियन मारले. लक्सरच्या लोकांच्या बोलण्यात "सत्त्याण्णवच्या आधी", "सत्त्याण्णवच्या नंतर" असं येतं. म्हणूनच जून २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोर्सींनी तो हल्ला करणाऱ्या संघटनेशी नाळ असलेल्या माणसाला लक्सरचा गव्हर्नर नेमला तेव्हा टुरिझमवर जगणारं अख्खं गाव त्याच्या ऑफिससमोर बसलं, पर्यटनमंत्र्यांनी राजीनामा पुढे केला आणि आठवड्याभरात त्याला जावं लागलं. तहरीरच्या मोर्चांची पुस्तकं निघाली, ह्या मोर्चाबद्दल आपल्याकडे कोणी ऐकलेलं पण नसतं.

एक गोष्ट सांगायचीच आहे. आम्ही सगळं टेन्शन घेतलं ते तहरीरचं. आस्वानहून अबू सिंबेलच्या देवळांना तेव्हा पहाटे अंधारात पोलिसांच्या ताफ्यात जायचे, तिथे मी प्रत्येक चेकपोस्टला श्वास रोखला. आणि लक्सरला पहाटे हॉट एअर बलूनमध्ये मात्र हसत हसत चढलो, एकही प्रश्न न विचारता. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथेच बलूनला आग लागून १९ माणसं गेली. आता मला कोणी "इजिप्त सेफ आहे का?" विचारलं की मी विचारते, कुठे, कोणत्या वारी, आणि कशात बसून.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. जुलै २०१३ ला लष्कराने मोर्सींना काढलं, १४ ऑगस्टला कैरोतल्या रबाच्या चौकात धरणं धरून बसलेली मोर्सींची शेकडो समर्थक माणसं मारली गेली, तहरीरच्या खालचं सादात मेट्रो स्टेशन जवळजवळ दोन वर्षं बंद ठेवलं. २०१५ मध्ये सिनाईवर रशियन विमान पडलं, २२४ जण गेले, आणि २०१६ मध्ये टुरिस्टचा आकडा ५४ लाखांच्या आसपास आला. आम्ही गेलो तेव्हाचं वर्ष वाईट म्हणत होते ते लोक, त्यांना काय माहीत पुढे काय वाढून ठेवलंय.

गाइड फेसबुकवर आहे अजून. मध्ये त्याने गाडी विकली, मग दुसऱ्याची मायक्रोबस चालवली, मग काही दिवस कॉल सेंटरमध्ये इंग्लिशवर नोकरी. राजकारणावर आधी रोज लिहायचा, २०१३ नंतर फक्त मुलांचे फोटो आणि फुटबॉल, मी कधी विचारलं नाही. २०२४ मध्ये देशात दीड कोटीच्या वर टुरिस्ट आले तेव्हा मी अभिनंदन म्हणून मेसेज केला. तर ह्याची व्हॉइस नोट, लांबलचक, तुतनखामेनच्या थडग्यात आता पाय ठेवायला जागा नाही, ग्रुपमागून ग्रुप, घसा बसतो, लोक काही ऐकत नाहीत नुसते सेल्फी काढतात, आणि मॅडम तुम्ही परत येणार असाल तर उन्हाळ्यात या, हॉटेल स्वस्त पडेल. उन्हाळ्यात लक्सरला बेचाळीस-त्रेचाळीस असतं. नवरा म्हणतो जाऊ, मी अजून हो म्हटलेलं नाही.